वाचक विचारतात: व्हायोलिनवाल्यांना फिल्मफेअर मिळालं का?

प्रश्न: टीव्हीवर फिल्मफेअरचा सोहळा लागला की आई दर खेपेला सांगते, लताबाईंनी एकदा तिथं गायला साफ नकार दिला होता. हे खरं का? आमचे एक शेजारी मुंबईला सिनेमात व्हायोलिन वाजवायचे. ते वारले. त्यांच्या नोटेशनच्या वह्या आमच्याकडे आहेत. अशा वादकांना कधी हे पारितोषिक मिळालं का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर: आई सांगतात ते खरं आहे. 1954 साली फिल्मफेअर सुरू झालं तेव्हा पारितोषिकं पाचच होती: चित्रपट, दिग्दर्शक, नट, नटी आणि संगीतकार. गाणाऱ्यांचं नावच नव्हतं. 1957मध्ये ‘चोरी चोरी’च्या संगीताबद्दल शंकर-जयकिशनना पारितोषिक मिळालं. सोहळ्यात ‘रसिक बलमा’ गा, असं जयकिशन लताबाईंना सांगायला गेले. त्या नाही म्हणाल्या. पारितोषिक संगीताचं आहे, गायनाला तुम्ही काही देतच नाही, मग मी का गाऊ, हा त्यांचा मुद्दा. तेव्हा त्यांनी तिशीही गाठली नव्हती! मंगेशीच्या दीनानाथांची लेक ती. 1959मध्ये पार्श्वगायनाचं पारितोषिक सुरू झालं आणि पहिलं त्यांनाच मिळालं, ‘मधुमती’तल्या ‘आजा रे परदेसी’साठी.

तुमचा दुसरा प्रश्न माझ्या जास्त जिव्हाळ्याचा आहे. शंकर-जयकिशनचे अ‍ॅरेंजर होते सेबॅस्टियन डिसोझा, आपले गोंयकार. संगीतकार पेटीवर चाल ऐकवत. ती कागदावर उतरवायची, व्हायोलिनं कुठं शिरतील, चेलो कुठं थांबेल हे ठरवायचं, प्रत्येक वाद्याचा कागद वेगळा लिहायचा, हे काम अ‍ॅरेंजरचं. आपल्या गावांतल्या इगर्जीच्या (चर्चच्या) शाळेत मेस्त, म्हणजे संगीताचे मास्तर, पोरांना लहानपणीच सोल्फा, म्हणजे डो-रे-मी, शिकवत, म्हणून हे कागद वाचणारे हात मुंबईच्या स्टुडिओंना गोव्यातून मिळाले. पण त्या काळात अ‍ॅरेंजरसाठी पारितोषिक नव्हतं, वादकांसाठीही नव्हतं. फिल्मफेअरची बाहुली संगीतकाराच्या हाती जायची. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस म्हणजे लक्ष्मीकांत-प्यारेलाल या संगीतकार जोडीतल्या प्यारेलालजींचे व्हायोलिनचे गुरू. त्यांच्या नावाचं गाणं असलेल्या ‘अमर अकबर अँथनी’च्या संगीताला 1978 साली फिल्मफेअर मिळालं. शिष्याला मिळालं याचा आनंद आहेच, तरी मला त्या गुरूचा हात रिकामा दिसतो.

माझ्या वडिलांचे एक स्नेही मुंबईत धोबीतलावच्या कुडीत, म्हणजे गोंयकारांच्या सामाईक बिऱ्हाडात, राहून अशीच वादकी करत. त्यांचा एक कागद मी जपून ठेवलाय. पिवळा पडलाय, कडेला व्हायोलिनच्या गजाला लावायच्या रोझिनची पांढरी भुकटी अजून बोटाला लागते. चौथ्या ओळीवर पेन्सिलीनं रोमी (रोमन लिपीतल्या) कोंकणीत लिहिलंय: इथं हळू, बाई श्वास घेतात. रेकॉर्डवर ती जागा मी कितीदा ऐकली असेन. व्हायोलिनं खरंच तिथं मागं सरतात.

तेव्हा त्या वह्या रद्दीत घालू नका. पाऊस सुरू व्हायच्या आधी उन्हात नको, सावलीत वाळवा, कसर लागली असेल ती पानं वेगळी काढा, आणि प्रत्येक पानाचा फोटो घेऊन ठेवा. शेजाऱ्यांच्या घरचं कुणी हयात असेल तर त्यांच्याजवळ बसून विचारा: हे कुठलं गाणं, शेजारच्या खुर्चीवर कोण बसायचं. सांगतील ती नावं त्याच पानामागं तारखेसकट लिहा. पेन्सिलीनंच लिहा, शाई दमटपणात फुटते.