मैदानातली मावशी: काट्यावरचं वजन, बारवरचं वजन

प्रश्न: मावशी, वेंगुर्ल्याजवळच्या गावातून लिहिते आहे. आमची थोरली अकरावीत, सोळा पूर्ण. दोन वर्षं वेटलिफ्टिंग करते, यंदा जिल्ह्यात दुसरी आली. स्नॅच (एका झटक्यात डोक्यावर) ५२ किलो, क्लीन अँड जर्क (आधी खांद्यावर, मग डोक्यावर) ६६. तिचं वजन ५१ किलो आहे. सर म्हणतात ४८ किलोच्या वजनगटात उतरव, पुढच्या महिन्यात पदक नक्की. तीन आठवडे तिनं भात सोडलाय, रात्री काकडी खाऊन झोपते. सासूबाई म्हणतात उंची खुंटेल, अंग बाप्यासारखं होईल, स्थळ कोण आणणार? गळ्याखालच्या हाडावर काळा डाग पडलाय, तो जाईल का? पुढे नोकरी मिळते का? आणि सर वेगळे बूट घ्या म्हणतात, साधे चालणार नाहीत का? (दोन महिने तिची पाळी आलेली नाही. खाणं कमी केल्यामुळे असेल.)
– एक आई

उत्तर: ताई, पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही कंसात घातलीत. कारणही बहुधा तुम्ही बरोबर ओळखलंय, पण म्हणून ते सोडून देण्यासारखं होत नाही. मेहनत तेवढीच आणि पोटात कमी गेलं, की शरीर आधी पाळी थांबवतं. पाळीबरोबर हाडांना ताकद देणारं संप्रेरकही कमी होतं, आणि सोळाव्या वर्षी हाडं भरायचं काम चालू असतं. ह्या आठवड्यात तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या. कारण दुसरंही असू शकतं, ते त्या बघतील. लाजू नका. पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली आपली वेटलिफ्टर मीराबाई चानू एका किलोनं कांस्यपदकाला मुकली, तेव्हा पाळीचा तिसरा दिवस होता हे तिनं कॅमेऱ्यासमोर सांगितलं. आपण डॉक्टरांसमोर तरी सांगू.

आता ४८ चं. माझं मत सरळ आहे: उतरवू नका. ५१ वरून ४८ म्हणजे तीन किलो, अंगाच्या जवळजवळ सहा टक्के. स्पर्धेआधी दोन तास वजन घ्यायला सुरुवात होते. तेवढ्या वेळात केळं आणि ग्लुकोज पोटात जातं, मांडीत पोचत नाही.

मी हे करून बसले आहे. १९९६ साली राज्य स्पर्धेत ४६ किलोचा गट असायचा आणि मी होते ४९ ची. प्लास्टिकचा रेनकोट घालून लॉजच्या गच्चीवर पळाले, जीभ कोरडी पडेपर्यंत डब्यात थुंकत बसले. काट्यावर ४५.९ भरलं तेव्हा मलाच पदक मिळाल्यासारखं वाटलं. मग स्नॅचची पहिली उचल, जे वजन रोज सकाळी गप्पा मारत उचलायचे तेच. बारखाली, म्हणजे वजनाच्या दांड्याखाली, बसले आणि वर येताच येईना. तीन प्रयत्न, तिन्ही वेळा पंचांचे लाल दिवे, म्हणजे उचल बाद. स्नॅचमध्ये एकही उचल झाली नाही की टोटल, म्हणजे दोन्ही उचलींची बेरीज, लागत नाही, आणि माझ्या नावापुढे काहीच लागलं नाही. परतीच्या एस्टीत बसण्याआधी स्टँडवर चार वडापाव खाल्ले, ते मात्र तिसऱ्या मिनिटाला संपले.

ह्याउलट कर्णम मल्लेश्वरी बघा. १९९४ आणि १९९५ साली ती ५४ किलो गटात विश्वविजेती झाली. सिडनीला २००० साली कांस्यपदक मिळालं ते ६९ किलो गटात, ११० आणि १३० मिळून २४० किलो उचलून. ती वरच्या गटात गेली आणि ऑलिंपिक पदक आणणारी पहिली भारतीय बाई ठरली. तेव्हा ती २५ वर्षांची होती. मीराबाईला टोकियोत रौप्य मिळालं २६ व्या वर्षी. त्याआधी रिओत तिचे क्लीन अँड जर्कचे तिन्ही प्रयत्न फसले होते. २०२५ च्या जागतिक स्पर्धेत तिनं पुन्हा रौप्य आणलं, ३१ व्या वर्षी. तुमच्या लेकीला सोळाव्या वर्षी घाई कसली?

सर वाईट नसतील. जिल्ह्याच्या पदकांवर त्यांचंही काम मोजलं जात असतं. त्यांना सांगा, पोर वरच्या, ५३ किलोच्या गटातच खेळेल, चौथी आली तरी चालेल. मावशीनं सांगितलं म्हणा, शिव्या मला पडू देत.

भात आज रात्रीपासून परत सुरू. सोबत बांगडा, अंडी, कुळथाची पिठी, सकाळी पेज किंवा नाचणीची भाकरी. मासेमारी बंदीच्या दिवसांत ताजी मासळी नसली तर अंडी वाढवा, सुकटीवर भागवू नका. बाजारातली डब्यातली पावडर घरात आणू नका. त्यात काय मिसळलंय ते डब्यावर असतंच असं नाही, आणि नाडाच्या (खेळाडूंची उत्तेजक चाचणी करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या) तपासणीत काही निघालं तर दोष दुकानदाराचा नाही, खेळाडूचा धरतात.

सासूबाईंना सांगा, नीट शिकवलेल्या उचलीनं उंची खुंटत नाही. हलक्या गटात बुटक्या मुली टिकतात म्हणून त्या आपल्याला टीव्हीवर दिसतात. उचलून कोणी बुटकी होत नाही. पुरुषासारखं अंग व्हायला पुरुषाचं संप्रेरक लागतं, ते बारमध्ये नसतं. स्थळाचं मी काय सांगू? माझा नवरा माझ्याकडून गॅसचा सिलिंडर वर चढवून घेतो.

तो डाग बारचा. क्लीन करताना बार खांद्यावर, गळ्याच्या हाडाला टेकतो. सुट्टीत फिकट होईल, सराव सुरू झाला की परत येईल. कातडी सोलली किंवा सूज आली तरच काळजी करा. हाताचे घट्टे मात्र दर आठवड्याला कोमट पाण्यात भिजवून घासायचे. वाढू दिले की बारवर फाटतात आणि पंधरा दिवस घरी बसवतात.

नोकरी: राज्य सरकारच्या भरतीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, रेल्वे आणि पोलीसही घेतात. पण कागद लागतो. प्रमाणपत्राची क्रीडा खात्याकडून पडताळणी होते, म्हणून मूळ प्रती आपल्या दमट भिंतीवर फ्रेम करून लावू नका. माझ्या दोन प्रतींना वाळवी लागली.

बूट घ्या. धावायच्या बुटाचा तळ मऊ असतो, वजनाखाली तो दबतो आणि घोटा डुगडुगतो. लिफ्टिंगच्या बुटाची टाच उंच आणि टणक असते, खाली बसायला सोपं जातं. फक्त ‘वाढतं पाऊल आहे’ म्हणून एक नंबर मोठे घेऊ नका. पाय आत सरकला की सगळं गेलं. जुने मिळाले तरी चालतील, टाच ठोकून बघा.