कर्जामुळे पूर्ण खचलोय, देवानेही सोडलं असं वाटतं. यातून कुणी बाहेर आलंय का?

तुम्ही लिहिलंय: वय ३६, नाशिक, कर्ज साडेआठ लाखांच्या आसपास, घरात पूर्ण कुणालाच माहीत नाही. ख्रिस्ती आहात, रोज प्रार्थना करता, तरी काही हलत नाही आणि "सगळं संपवावं" असं मनात येतं.

बाहेर आलोय मी. पण आधी त्या शेवटच्या दोन शब्दांबद्दल. ते नुसतं वैतागून लिहिलं असेल तर ठीक. खरंच आज रात्री तसं वाटत असेल तर पुढचं वाचू नका, १४४१६ ला फोन लावा. टेली मानस म्हणतात, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतं आणि मराठीत बोलता येतं. घरात कुणी जागं असेल तर त्यांच्याजवळ जाऊन बसा. माझं उत्तर सकाळीही इथंच असेल.

माझी गोष्ट सांगतो. नाशिकच्या अंबडला माझं छोटं जॉबवर्कचं शेड होतं. एक लेथ, एक ड्रिलिंग, कर्ज काढून घेतलेलं एक मिलिंग मशीन आणि दोन पोरं कामाला. २०१६ च्या नोव्हेंबरात नोटबंदी झाली. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये जादा पाळ्या लावून नोटा छापत होते आणि तिथून पंधरा किलोमीटरच्या आत माझ्या गिऱ्हाइकाकडून चार महिने एक रुपया सुटला नाही. नोटा छापणाऱ्या गावात राहून नोटांसाठी तडफडायचं, यावर आता हसू येतं. तेव्हा येत नव्हतं. बँकेचा हप्ता थकला. तो भरायला एकाकडून शेकडा पाचने दीड लाख उचलले. ज्या मित्राला पतसंस्थेत जामीन राहिलो होतो तो गाव सोडून गेला, त्याची नोटीस माझ्या नावाने आली. बायकोचं सोनं गहाण टाकलं. तिला सांगितलं, लॉकरमध्ये आहे.

वर्षभर असं चाललं. दर रविवारी चर्चमध्ये उभं राहून प्रभूची प्रार्थना म्हणायचो. आपल्या मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, ती कशी आहे तुम्हाला माहीतच आहे: "आमची ऋणे आम्हांस सोड." त्या ओळीला माझा आवाज बंद व्हायचा. शेजारचा भाऊ मोठ्याने म्हणत असायचा आणि मला वाटायचं, याला काय कळणार ऋण म्हणजे काय.

त्याच काळात एका मोठ्या सभेत गेलो. व्यासपीठावरून सांगितलं, विश्वासाचं बी पेरा, देव कर्ज फेडेल. मी पाच हजार उसने घेऊन टाकले. उसने! हे लिहिताना आजही कान गरम होतात. तुम्हाला कुणी असं सांगितलं तर उठून चालू लागा. देवाला दशांश द्यायचा तो आनंदाने द्या, पण तो हप्ता नाही आणि लॉटरीचं तिकीटही नाही.

मग एका रात्री घरी परत जायचं नाही असं ठरवून शेडमधून निघालो. का कुणास ठाऊक, पाय ओझरला मोठ्या बहिणीकडे वळले. रात्रीचे अकरा वाजले होते. ताईने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि एक प्रश्न विचारला नाही. खिचडी गरम केली, लोणचं वाढलं, भाच्याला खाली झोपवून मला कॉट दिली. झोपायच्या आधी "कळवलंय घरी" एवढंच म्हणाली. मी सकाळी साडेनऊपर्यंत झोपलो. किती महिन्यांनी तसा झोपलो होतो देव जाणे.

बायबलमधला १ राजे १९ वाचा. एलीया, केवढा संदेष्टा, जीव वाचवून रानात पळून जातो, एका झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, आता पुरे, माझा प्राण घे. देव त्याला काय उत्तर देतो? काहीच नाही. दूत येतो, हात लावतो, ऊठ आणि खा म्हणतो. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. तो खातो, पुन्हा झोपतो. दूत पुन्हा येतो, पुन्हा तेच. वाट तुझ्या शक्तीबाहेरची आहे, म्हणतो. "तुझा विश्वास कमी पडला" असं एक अक्षर नाही. मला शाळेत असल्यापासून हा अध्याय माहीत होता, पण कळला तो ताईच्या खिचडीनंतर.

दुपारी ताईने भाच्याची जुनी वही आणली. म्हणाली, सांग, एकेक. बँक ६ लाख २०, पतसंस्थेची जामिनकी १ लाख ८०, सावकार दीड लाख, सोनं ९० हजार, हातउसने ६०. बेरीज ११ लाख. मी दोनदा करून बघितली, कारण माझ्या डोक्यात तो आकडा वीस लाख होता. न लिहिलेलं कर्ज रोज वाढतं, व्याजानेच वाढतं असं नाही.

संध्याकाळी तीच वही घेऊन बायकोसमोर बसलो. अकरा लाख ऐकून ती रडली नाही. सोन्याचं ऐकून गप्प झाली. आणि "वर्षभर माझ्याशेजारी झोपून सांगितलं नाहीस" म्हणून जी रडली, ती थांबेना. मग तीच उठून म्हणाली, पाळकसाहेबांना सांगू. मी नको म्हणालो. आमच्या चर्चच्या मंडळीत गोष्ट सोमवारपर्यंत सगळीकडे होते, तुमच्याकडेही होत असेल. पण गेलो.

तुम्हाला सांगायचं आहे ते इथं आहे. २ राजे ४ मधली विधवा आठवते? नवरा संदेष्ट्यांच्या शिष्यांपैकी, देवाला भिणारा, आणि तरी मागे कर्ज ठेवून गेलेला. सावकार दोन्ही मुलांना गुलाम म्हणून न्यायला आलाय. संदेष्टा अलीशा आकाशातून पैसे पाडत नाही. विचारतो, घरात काय आहे? ती म्हणते, काही नाही, थोडं तेल आहे. मग सांगतो, शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आण, थोडकी आणू नकोस. आता विचार करा, गल्लीत दारोदार रिकामी भांडी मागत फिरल्यावर प्रत्येक शेजारीण विचारणारच ना, बाई, कशाला हवीत? तेल ओतताना दार बंद करायला सांगितलं होतं, पण त्याआधी तिला गावभर जाऊन आपली गरज दाखवावी लागली. आणि भांडी संपली तिथं तेल थांबलं. आपण उलटं करतो. भांडी मागत नाही, बंद दाराआड नुसती तेलाची प्रार्थना करतो. मी वर्षभर तेच केलं आणि देव ऐकत नाही म्हणून रडलो.

मला भांडी कोणती मिळाली सांगतो. मंडळीत एक वकील होते. त्यांनी सावकाराचा हिशेब बघितला. शेकडा पाच म्हणजे वर्षाला ६० टक्के. मी चौदा महिन्यांत १ लाख ५ हजार नुसतं व्याज भरलं होतं, मुद्दल जागेवर. बायबलमधल्या नहेम्याच्या ५ व्या अध्यायात लोक शेतं-द्राक्षमळे गहाण टाकून धान्य आणतात आणि नहेम्या श्रीमंतांवर भडकतो, तिथं घेतलेला शतांश म्हणजे बहुतेकांच्या मते महिन्याला शेकडा एक. एकावर तो एवढा चिडला! वकिलांनी सांगितलं की महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे. बिगरशेती, विनातारण कर्जावर परवाना असलेल्या सावकारालाही वर्षाला १८ टक्क्यांच्या वर घेता येत नाही. परवान्याशिवाय सावकारी केली तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तक्रार सहकारी संस्थांच्या उपनिबंधक-सहायक निबंधक कार्यालयात होते. वकील माझ्यासोबत त्या माणसाकडे आले, चहा प्यायले, कायद्याचं नाव घेतलं. भरलेलं व्याज मुद्दलात धरून ४५ हजारांत मिटलं. एकट्याने गेलो असतो तर मार खाऊन आलो असतो.

बँकेत स्वतःहून गेलो. नोटिशीची वाट बघू नका, मॅनेजर आधी आलेल्या माणसाशी वेगळं बोलतो. मिलिंग मशीन विकून मोठा भाग भरला, उरलेल्याचे हप्ते लांबवून घेतले. तडजोडीत कर्ज मिटवता येतं, पण मग सिबिलवर, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या इतिहासात, तशी नोंद राहते, हे आधी विचारून घ्या. लेथ मात्र विकला नाही. बायबलच्या 'अनुवाद' या पुस्तकात, २४ व्या अध्यायात, जात्याची तळी गहाण घेऊ नये असं आहे, कारण तो माणसाचा जीवच गहाण घेणं होतं. माझं जातं म्हणजे तो लेथ.

त्याच अध्यायात आणखी एक आहे. गहाण घ्यायला सावकाराने घरात शिरायचं नाही, बाहेर उभं राहायचं, देणाऱ्याने आणून द्यायचं. कर्जदारालाही उंबरठा असतो. तुम्हाला वसुलीवाले छळत असतील तर लक्षात ठेवा, बँका आणि फायनान्स कंपन्यांच्या माणसांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन करायचे नाहीत, धमकी द्यायची नाही, नातेवाइकांत बदनामी करायची नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. फोनची वेळ लिहून ठेवा, मेसेज पुसू नका. आधी त्याच बँकेत लेखी तक्रार, दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. मोफत वकील हवा असेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा नंबर १५१०० आहे. ॲपवरून एक कर्ज फेडायला दुसरं घेत असाल तर ते आजच थांबवा, बाकी सगळं नंतर.

फिटायला साडेपाच वर्षं लागली. मधे कोरोनाही आला. सोनं सगळं परत आलं नाही, दोन बांगड्या गेल्या त्या गेल्याच. मंडळीत काही लोक आजही मला बघून खिसा चाचपतात असं वाटतं, कदाचित माझाच भास असेल. दावीद अदुल्लामच्या गुहेत लपला तेव्हा त्याच्याभोवती अडचणीतले, कर्जबाजारी, मनाने कडवट झालेले सुमारे चारशे लोक जमले, असं बायबलमधल्या शमुवेलाच्या पुस्तकात लिहिलंय. त्याची पहिली मंडळी आपल्यासारख्यांचीच. आणि आपल्या गावात तर शरणपूर आहे. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं दीडशे वर्षांपूर्वी तिथं मिशनच्या आश्रयाला होती. आज आपण तिथून गाडीवर जातो आणि नावाचा अर्थ मनात येत नाही.

पाच जणांना सांगू नका, एकालाच सांगा. बायकोला, भावाला, पाळकांना, ज्याच्यासमोर रडता येईल त्याला. सांगायच्या आधी वहीवर बेरीज करा, म्हणजे बोलताना अडखळलात तर वही पुढे करता येते. आणि जेवून झोपा.

मी नाशिकमध्येच आहे. रविवारी उपासनेनंतर शरणपूर रोडच्या बाजूला चहा घ्यायला थांबतो. इथं मेसेज करा, वही घेऊन या. बेरीज मी करतो, माझी चुकली तर ताईला ओझरहून बोलावू.