विंडोज १० वाल्या जुन्या पीसीवर लिनक्स टाकू का?

तुमचा प्रश्न असा की घरचा पीसी दहा वर्षांचा आहे, विंडोज ११ घेत नाही, मग सरळ लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम) टाकू का, आणि मराठी टायपिंग नि हिशेबाच्या एक्सेल फाईली चालतील का. टाका, पण विंडोज एवढ्यात उडवू नका. मी देवगडात बाबांच्या पीसीवर हेच केलंय म्हणून सांगतो.

आमचा चौथ्या जनरेशनचा इंटेल आय३ प्रोसेसर, रॅम ४ जीबी. विंडोज ११ च्या यादीत मोजके अपवाद सोडले तर इंटेल आठव्या जनरेशनपासून पुढेच आहे आणि वर टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, म्हणजे आमचा विषयच संपला, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबला. मग मिंट या लिनक्सची एक्सएफसीई आवृत्ती घेतली, जुन्या मशीनला हलकी पडते. फाईल जवळपास ३ जीबीची, आमच्याकडे पावसात लाईटच टिकत नाही तर नेट कुठून, शेवटी गणपतीला मुंबईहून आलेल्या भावाने पेनड्राईव्हवर आणून दिली.

पेनड्राईव्हवरून मिंट नुसतं चालवून बघता येतं, इन्स्टॉल करेपर्यंत हार्डडिस्कला हात लागत नाही. हे दोन दिवस करा आणि त्यात घरातली खरी कामं करून बघा. बाबांची आंब्याच्या पेट्यांच्या हिशेबाची एक्सेल मिंटमधल्या लिब्रेऑफिसमध्ये (एक्सेल-वर्डसारखं फुकट सॉफ्टवेअर) नीट उघडली, बेरजा बरोबर. पण देवळाच्या वर्गणीची यादी उघडली तर सगळी इंग्रजी अक्षरांची खिचडी! बाबा म्हणाले, "माझी यादी खंय गेली रे?" यादी कुठे गेली नव्हती, ती कृतिदेव या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाईप केलेली आणि तो फॉन्ट मिंटमध्ये नव्हता. विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमधली त्या फॉन्टची टीटीएफ फाईल आणून टाकली की झालं. नवीन टायपिंग मात्र युनिकोडमध्येच करा, ते कुठल्याही मशीनवर नीट दिसतं. इनस्क्रिप्ट (मराठी कीबोर्डची प्रमाण मांडणी) येत असेल तर कीबोर्ड सेटिंगमध्ये मराठी निवडायचं, बोटं तीच.

मग फाईलींचा बॅकअप घेऊन, विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करून (ते चालू राहिलं तर लिनक्समधून विंडोजच्या ड्राईव्हवर लिहिता येत नाही) दोन्ही शेजारी शेजारी टाकलं. इन्स्टॉल करताना विंडोजच्या सोबत टाकण्याचा पर्याय येतो आणि अख्खी डिस्क पुसण्याचाही येतो, तिथे घाई करू नका.

आता जे मला कोणी सांगितलं नव्हतं ते. सीझनला पहाटे पाच वाजता टेम्पो दारात उभा, बाबांनी विंडोज लावून वाशीच्या दलालाचं बिल काढलं, एक्सेलमध्ये तारीख आपोआप येते, आणि बिलावर आली आदल्या दिवशीची. दुपारी दलालाचा फोन, हा माल कालचा की आजचा? मला वाटलं मदरबोर्डवरच्या घड्याळाचा सेल गेला, शंभरेक रुपयांचा नवीन आणून बसवलापण. पण फरक बरोबर साडेपाच तासांचा होता, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. लिनक्स मदरबोर्डवरच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाण वेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) लिहून ठेवतं आणि विंडोज त्यालाच आपली स्थानिक वेळ समजतं, म्हणून पहाटेचे पाच म्हणजे विंडोजला काल रात्रीचे साडेअकरा. नेट असतं तर विंडोजने वेळ कधीतरी आपणहून सुधारलीही असती, पण त्या आठवड्यात नेट नव्हतंच. उपाय एका ओळीचा, मिंटच्या टर्मिनलमध्ये (कमांड टाईप करायची खिडकी) timedatectl set-local-rtc 1 मारायचं, म्हणजे मदरबोर्डचं घड्याळ स्थानिक वेळेवर जातं. ही ओळ इन्स्टॉल केल्या दिवशीच मारा.

टॅली किंवा डिजिटल सिग्नेचरचं काम असेल तर ते विंडोजवरच ठेवा, उगीच झटापट नको. आणि मिंट पेनड्राईव्हवरून चालवत असतानाच प्रिंटरही तपासा. आमच्या जुन्या लेझरला लिनक्सचा ड्रायव्हर काही धडपणे बसला नाही, दोन रात्री गेल्या त्यात, शेवटी नाद सोडला. त्यामुळे वर्षभर मिंट, आणि आंब्याच्या दोन महिन्यांत पेट्यांची लेबलं काढायला तेवढं विंडोज, तेसुद्धा नेटची वायर काढून, सपोर्ट थांबलाय ना.