'कारभारीण' म्हणजे नक्की कोण?

प्रश्न असा होता की आपल्या सातारा-सांगलीकडं नवरा बायकोला 'कारभारीण' म्हणतो, तर तिचा अर्थ कारभाऱ्याची बायको की स्वतः कारभार बघणारी?

दोन्ही, पण आधी पहिला. हा 'ईण' लय लबाड आहे. वाघीण म्हणजे वाघाची बायको नव्हे, ती स्वतःच वाघ. पाटलीण मात्र पाटलाची बायको, गावचं दप्तर तिच्याकडं नसायचं. मास्तरीण मधेच लटकलेली, मास्तरांची बायको पण मास्तरीण आणि शाळेत शिकवणारी पण.

कारभारीण मूळची पाटलिणीच्या ओळीतली. पण आपला भाग पडला मिलिटरीचा. साताऱ्याजवळचं अपशिंगे बघा, पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले, आता गावाचं नावच अपशिंगे मिलिटरी. गडी लढाईवर गेला की पेरणी, बैलं, शेतसारा, सावकार, आलेली मनिऑर्डर पुरवणं, सगळं मागं राहिलेल्या बाईच्या गळ्यात. आमची आजी सांगायची, दुसऱ्या महायुद्धात आजोबा तिकडं असताना वसुलीवाला दारात येऊन "कारभारी हायत का घरात?" म्हणायचा आणि ही म्हणायची, "कारभारी लढाईवर, काय असंल ते मला बोला." इथं शब्दाचा अर्थ पालटला बघा. जमिनीच्या कागदावर मात्र नाव आजोबांचंच.

कायद्यानं पण बराच काळ पाटलिणीवाला अर्थच धरला. ब्रिटनमध्ये बायका पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यात राबल्या, ट्रामवर कंडक्टर झाल्या, आणि १९१८ ला मत मिळालं ते तिशीच्या पुढच्यांना, त्यात पण स्वतःच्या नाहीतर नवऱ्याच्या नावावर घर-जागेची अट, म्हणजे कारखान्यातल्या तरण्या पोरी १९२८ पर्यंत बाहेरच. त्यामुळं 'युद्धानं बायकांना मताचा हक्क दिला' असं म्हणतात ते मला अर्धंच पटतं, मागणी तर त्याच्या कितीतरी आधीपासनं चालू होती. आपल्याकडं इंग्रजांच्या १९३५ च्या भारत सरकार कायद्यात बाईला मतदार व्हायच्या ज्या वाटा होत्या त्यातली एक म्हणजे मतदार नवऱ्याची बायको असणं, आणि दुसरी (ही आपल्या फौजी गावांसाठीच केल्यासारखी) सैनिकाची पेन्शनवाली विधवा किंवा आई असणं. पुढं सगळ्यांना मत मिळालं तरी १९५१-५२ च्या निवडणुकीआधी यादीतनं सुमारे २८ लाख बायका गळाल्या, बहुतेक उत्तरेकडच्या, कारण नाव विचारलं तर 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढंच सांगितलेलं!

आता साताऱ्याच्या स्वाती महाडिक. नवरा, कर्नल संतोष महाडिक, २०१५ ला कुपवाड्यात शहीद झाले आणि या २०१७ ला स्वतः सैन्यात अधिकारी झाल्या. त्यांना कुणी 'लेफ्टनंटीण' म्हटलं नाही, सरळ लेफ्टनंट.

म्हणून 'कारभारीण' टाकून द्यायचं कारण नाही, फक्त पाटलिणीच्या ओळीतनं उठवून वाघिणीच्या ओळीत बसवा.