पडदे फाडणाऱ्या बोक्याला आधी दमवा

ताई, तुमचा सात महिन्यांचा बोका पडदे फाडतो, सोफा ओरबाडतो म्हणून त्याला मारू नका, तो फक्त तुम्हाला घाबरायला लागेल. मांजरांना पहाटे आणि तिन्हीसांजेला शिकारीची हुक्की येते. संध्याकाळी काठीला दोरी, दोरीला पीस बांधून त्याला १५ मिनिटं पळवा. शेवटी पीस पंजात सापडू द्या आणि लगेच जेवण वाढा. पोट भरलं की अंग चाटतो आणि झोपतो. हाताशी मात्र खेळू नका, चावायची सवय लागते.

सोफ्याच्या ओरबाडलेल्या कोपऱ्याशीच काथ्याची दोरी गुंडाळलेला, न हलणारा उंच खांब ठेवा. आमच्या कोपरखैरण्याच्या घरात मनीने आठवड्याभरात सोफा सोडला.

नसबंदीचं डॉक्टरांना विचारा. आणि सातव्या मजल्यावर राहता ना? खिडक्यांना जाळी आधी बसवा, बाकी सगळं नंतर.