माशाला पोहण्यापेक्षा उडी मारायला जास्त शक्ती लागते का?

हो, तेवढ्याच अंतरासाठी उडी महागच पडते. बडोद्यातल्या सूरसागर तलावाच्या काठावरून तुम्ही मासे उड्या मारताना पाहिले आणि ते शक्ती वाचवत असतील असं तुम्हाला वाटलं, पण तसं नव्हतं. बडोद्यात बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणून हिशेबच मांडतो. पाण्यात माशाचं वजन पाणीच पेलतं, हवेत ते त्याला स्वतः उचलावं लागतं. १ किलोचा मासा १ मीटर वर जायला साधारण १० ज्यूल (ज्यूल हे ऊर्जेचं एकक) लागतात. स्नायूंची कार्यक्षमता २० टक्के धरली तर ५०. तसं किरकोळच, १ ग्रॅम साखरेत सुमारे १७,००० ज्यूल असतात! खरी मेख वेगात आहे. पाणी सोडताना ताशी १६ किलोमीटरचा वेग हवा, तोही क्षणार्धात. ते काम पांढरे स्नायू ऑक्सिजनवाचून करतात आणि लगेच दमतात. संथ पोहणं लाल स्नायूंवर तासन्‌तास चालतं.

अपवाद डॉल्फिनचा (तो मासा नव्हेच, सस्तन प्राणी). पाण्याचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो (वेग दुप्पट तर रोध चौपट), हवेत तो फारच कमी, त्यामुळे फार वेगात जाताना मधूनमधून उडी मारणंच त्याला स्वस्त पडतं, असं गणित १९८० मध्ये मांडलं गेलं. तळ्यातल्या रोहू-कटल्याला ते लावू नका.