फेव्हरिट आहे म्हणजे जिंकलाच असं नसतं
अरे, नुसती उंची आणि बॉडी बघून फाईट कोण मारणार ते ठरवू नकोस. २०१९ ची जोशुआ-रुईझ ही हेवीवेट बॉक्सिंगची फाईट लाव, आणि तिसरा राउंड दोनदा बघ. फेव्हरिट होता उंच जोशुआ. त्याने रुईझला पाडलं आणि मग संपवून टाकायच्या नादात स्वतःच जवळ घुसला, आता तिथे लांब हातांचा काय उपयोग, रुईझचे हात भलतेच फास्ट, जोशुआच्या कानशिलावर एक लेफ्ट हुक (डाव्या हाताचा वळवून मारलेला ठोसा) बसला आणि गडी जो डगमगला तो सावरलाच नाही, सातव्यात खेळ खल्लास. (आणि रुईझच्या सुटलेल्या पोटावर लोक आधी हसत होते!) डिसेंबरच्या रिमॅचमध्ये जोशुआ जॅब (पुढच्या हाताचे सरळ, झटपट ठोसे) मारत लांबच राहिला, बारा राउंड नुसता फिरला, पॉइंट्सवर जिंकला. बोअर आहे, पण शिकायला तीच बघ.